थर्मामीटर, विटाळ आणि शुश्रूषेची शाळा

१२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या आत्मपर टिपणांत ते घेतले. शिक्षकाची बायको बाळंत झाली, दोन दिवसांत आजारी पडली, श्वास चढू लागला, छाती सुजली. गावातला हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी कबूल झाली, तेव्हा तो आला. तोही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने आपले थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया म्हणून सांगितले आणि औषध पाठवले. पुन्हा बोलावल्यावर तो आला नाही. बाई मेली.

अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून ही हकीकत आपण अनेकदा वाचली आहे, व्याख्यानांत सांगितली आहे. परंतु तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. ती रुग्णसेवेच्या इतिहासातील एक नोंद आहे. त्या रात्री डॉक्टरजवळ विद्या होती, उपकरण होते, औषध होते. नव्हता तो हात. रोग्याच्या अंगाला लागणारा, नाडी धरणारा, छातीवर टेकणारा हात त्या विद्येने स्वतःपासून तोडून टाकला होता. त्या रात्री हाताचे काम ज्याने केले तो शिक्षक, म्हणजे मेलेल्या बाईचा नवरा, हाच तिथला एकमेव परिचारक होता आणि त्याला कोणी काही शिकवलेले नव्हते. श्वास मिनिटाला किती, ओठ निळे पडले आहेत की काय, हे त्याला कोण सांगणार? थर्मामीटर तेवढे तीन हातांतून फिरून आले.

आज नव्याने हे आठवण्याचे कारण पनवेलचे आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचा हा तालुका. मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे जुने व्यापारी गाव. त्याची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील अगदी जुन्यांपैकी. त्याच १८५२ साली पुण्यात जोतीराव फुले महार-मांगांच्या मुलांसाठी वेताळ पेठेत शाळा चालवत होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण विसरण्यासारखा नाही. १९७० नंतर सिडकोने इथल्या शेतजमिनी घेतल्या आणि खाडीकाठच्या गावांवर शहर उभे राहिले. २०१६ साली महापालिका आली. नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर असा हा पट्टा आता रुग्णालयांनी आणि परिचर्या महाविद्यालयांनी भरला आहे. उपजिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, लहानमोठी खाजगी रुग्णालये तर गल्लोगल्ली. ह्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत सकाळच्या पाळीला जी विद्यार्थिनी अनुभवी सिस्टरच्या दोन पावले मागे उभी असते, ती पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते. वडील रिक्षा चालवतात किंवा कंत्राटी सफाई कामगार आहेत, आई घरकामाला जाते, आजी-आजोबा महाड-पोलादपूरकडचे किंवा मराठवाड्यातून दुष्काळात आलेले. ही मुलगी तिथे काय शिकते, ह्याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. शाळामास्तर, प्राध्यापक, वकील, कवी ह्यांच्यावर आपण लिहिले. नर्सवर लिहिले नाही.

ती शिकते ते आधी पाहू. पाळी बदलते तेव्हा रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरच्या ताब्यात रोगी देते, ते खुर्चीत बसून नव्हे, खाटेशी उभे राहून. कोणती नळी कुठे, कोणते औषध किती वेगाने चालू, रात्री लघवी किती झाली, रक्तदाब कधी पडला, शुद्ध किती आहे. विद्यार्थिनी हे ऐकते आणि वहीत उतरते. मग सिस्टर तिला मॉनिटरकडे पाठ करून उभी करते आणि रोग्याच्या छातीकडे पाहून एक पूर्ण मिनिट श्वास मोजायला लावते. आकडा मॉनिटरवर आहेच, मग मोजायचा कशाला? कारण यंत्राची तार सुटते, माणसाचा श्वास कुठे अडला ते यंत्र नेहमी सांगत नाही. तळहाताने पाय चाचपायचे, गार लागतात का. दर तासाला लघवीची पिशवी पाहायची. प्रौढ माणसाला तासाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी झाली नाही तर मूत्रपिंडाची काळजी सुरू होते. व्हेंटिलेटरवरच्या रोग्याची खाट डोक्याकडून ३० ते ४५ अंश उचललेली हवी, नाहीतर पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरते. तोंड दिवसातून अनेक वेळा साफ करायचे. श्वासनळीतला कफ सक्शनने ओढायचा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि बदलताना माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू पाहायची. लाल डाग दिसला की समजायचे, उद्या इथे जखम आहे. बेशुद्ध रोग्यालाही आधी सांगायचे, 'काका, कूस बदलतोय हं.'

ह्या शेवटच्या कामाला पांढरपेशा समाज किरकोळ समजतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. अंगावर खाटेच्या जखमा त्यांना होऊ दिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात त्या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. ४१ वर्षांत किती कुशी बदलल्या असतील, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ह्याला ज्ञान म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

आणि हेच ज्ञान भारतीय परंपरेने हीन ठरवले. येथे शब्दांकडेच पाहावे. नर्सिंगला मराठीत दोन शब्द आहेत : शुश्रूषा आणि परिचर्या. दोन्ही सुंदर वाटतात, दोन्ही संस्कृत. मनुस्मृतीने शूद्राला जे एकमेव कर्म नेमून दिले, वरच्या तीन वर्णांची असूया न बाळगता सेवा, त्याला तिने शुश्रूषाच म्हटले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात शूद्राचे स्वभावज कर्म म्हणून जे सांगितले ते परिचर्यात्मक आहे. म्हणजे शासकीय रुग्णालयात ज्या पदाला आपण परिचारिका म्हणतो, त्या पदनामाच्या पोटात वर्णव्यवस्था बसलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती ह्याच कुलाबा जिल्ह्यात. तेव्हा शुश्रूषेच्या नावाने लादलेली गुलामी जळाली, पण माणसाने माणसाची शुश्रूषा करणे हे मूल्य जळाले नाही, जळूही नये. ते गुलामीतून सोडवून कौशल्याच्या, वेतनाच्या आणि सन्मानाच्या पायावर उभे करणे हा पुढचा प्रश्न होता आणि अजून आहे. (ज्यांना 'सेवाभाव' हा शब्द फार आवडतो त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बलुतेदारीलाही सेवाच म्हणत असत.)

महाडबद्दल आणखी एक. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव होता, हे सर्वांना माहीत आहे. सीताराम केशव बोले ह्यांनी तो मुंबई विधिमंडळात मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे त्यात होते, हेही पाठ आहे. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने होते. पाण्याचा हक्क महाडने इतिहासात कोरला. दवाखान्याचा हक्क त्याच ओळीत असून मागे राहिला. तळ्यावर हजारो एकत्र जाऊ शकतात. दवाखान्यात माणूस एकटाच जातो, ताप भरलेला, लाचार, डॉक्टरच्या उपकाराखाली. तिथे सत्याग्रह कसा करणार? म्हणूनच काठियावाडचे पत्र ठरावानंतर सहा वर्षांनी आणि दुसऱ्या मुलखातून आले तरी ते आपल्याही मुलखाचे होते. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. ते कलम स्वतंत्रपणे लिहावे लागले, ह्यावरूनच रोग किती खोल होता ते समजावे.

आता मागे जाऊ. रुग्णालये येण्यापूर्वी शुश्रूषा कोण करत होते? घरातल्या बायका, हे एक उत्तर. बाळंतपणाचे उत्तर मात्र वेगळे आहे. महाराष्ट्रातील अनेक भागांत सुईण मांगवाड्यातून वा महारवाड्यातून येई. नाळ कापणे विटाळाचे, वार पुरणे विटाळाचे, म्हणून ते काम अस्पृश्य बाईच्या वाट्याला. ज्या घराच्या उंबऱ्याला तिची सावली चालत नसे, त्या घराचा वंश पहिल्यांदा तिच्या हातात पडे. दहा दिवसांनी तीच बाई पुन्हा अंगणाबाहेर. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाला काय होते? जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता ह्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेल्या निबंधात महार-मांगांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, त्या थंडीपावसात कशा तळमळतात, हे लिहून ठेवले आहे. शुश्रूषेच्या मराठी इतिहासाचे पहिले पान लिहायचे झाले तर मी मुक्ताबाईचा निबंध तिथे ठेवीन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात रुग्णसेवा करत होती तीही हीच वर्षे, १८५४ ते १८५६.

सुईणीच्या ह्या हाताला अडाणी, अस्वच्छ ठरवून नवे वैद्यक आले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्याने अर्भके धनुर्वाताने मरत. परंतु शिकलेला हात आपोआप स्वच्छ असतो हाही एक भ्रमच. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४० च्या दशकात दोन विभाग होते; एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण सुइणींच्या विभागाच्या दुपटीहून अधिक होते. इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरने १८४७ साली कारण शोधले : विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून उठून तसेच प्रसूतीला येत. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. विद्वानांना ते मानवले नाही. आपल्या हातांनी मरण नेले, हे कोणता विद्वान सहज मान्य करील?

हात धुण्याचा हा विषय आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडेही लोक शतकानुशतके हात धूत होते, अंग धूत होते, महाराच्या सावलीवर पाणी शिंपडत होते. त्या धुण्याचा हेतू धुणाऱ्याचे पावित्र्य जपणे हा होता. समोरच्या माणसाचे काय होईल हा प्रश्न त्यात नव्हता. अतिदक्षता विभागात विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी जे शिकवतात ते उलटे आहे. रोग्याला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ कर, कारण तुझ्या हातावरचे त्याला लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले त्यांतला पहिला हाच आहे. १९८० च्या दशकात एड्सची साथ आल्यावर आणखी एक नियम आला : प्रत्येकाचे रक्त आणि शरीरातील द्रव हे संसर्गजन्य असू शकतात असे धरूनच वागायचे; हा कोण, कुठला, चांगला की वाईट, हे पाहून हातमोजे चढवायचे नाहीत. विटाळाचे सारे शास्त्र जन्म पाहून माणूस निवडते. हा नियम कोणालाच निवडत नाही. विद्यार्थिनी तो परीक्षेसाठी पाठ करते. त्यातला समतेचा आशय तिला कोणी समजावून सांगत नाही. निदान आपण सांगावा.

स्पर्शाच्या ह्या इतिहासात एक मृत्यू असा आहे की त्याच्याशी थांबावेच लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. १८९७ साली साथरोग कायदा आला, घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या सुरू झाल्या. लोकांवर अत्याचार झाले हे खरेच. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण त्या काळच्या तक्रारींत एक तक्रार सतत आढळते : रुग्णालयात जातिभ्रष्ट होतो, कोणाच्याही शेजारी निजवतात, कोणाच्याही हातचे पाणी देतात. म्हणून मुंबईत जातीजातींची, पंथापंथांची स्वतंत्र प्लेग रुग्णालये निघाली. मरणाच्या दारातही पंगत वेगळी. त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत ह्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षिका सावित्रीबाईंची आपण जयंती करतो. परिचारिका सावित्रीबाई अजून परिचर्या महाविद्यालयांच्या भिंतीवर पोचलेल्या नाहीत. तिथे दिवा घेतलेली नाइटिंगेल आहे आणि १२ मे हा तिचा जन्मदिवस. नाइटिंगेल थोरच होती. पण काठियावाडचा डॉक्टर महारवाड्याबाहेर उभा राहिला त्याच्या ३२ वर्षे आधी एक बाई महारवाड्यात शिरून मूल पाठीवर घेते, ह्याचे मोल त्या भिंतीला कळायला हवे.

संघटित परिचर्या-शिक्षण आपल्याकडे आले ते मुंबईच्या सरकारी रुग्णालयांतून आणि मिशनच्या दवाखान्यांतून. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव दिले जाते. एवढेच. आडनाव नाही, गाव नाही. मिरजेला डॉ. वॉन्लेस ह्यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले आणि परिचारिकांचे शिक्षणही तिथे सुरू झाले. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनची कामे होती. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार-मांगांतून आलेला. सवर्ण घरांतून मुली येत नव्हत्या : परक्या पुरुषाच्या अंगाला हात, मलमूत्र, रात्रपाळी. म्हणून ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींवरच हा व्यवसाय दीर्घकाळ उभा राहिला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. ह्या टंचाईची कारणे सांगताना वेतन, वसतिगृहे, कामाचे तास ह्यांची चर्चा पुष्कळ होते आणि ती रास्तही आहे. पण मुळात जी संस्कृती माणसाच्या शरीराला शिवणे हेच हलके मानते, तिला परिचारिका कोठून मिळणार? सोवळ्याची किंमत साऱ्या देशाच्या आजाऱ्यांनी मोजली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होती, पुढे राखीव जागा आल्या, १९५६ च्या धम्मदीक्षेने मनातली जळमटे झाडली. बौद्ध वस्त्यांतून मुलींनी दोन वाटा प्रामुख्याने धरल्या : डी.एड. आणि नर्सिंग. पहिल्या वाटेला प्रतिष्ठा मिळाली. दुसरीला पगार मिळाला, प्रतिष्ठा उशिरा आणि अर्धवट.

अर्धवट असे म्हणतो, कारण रुग्णालय आत शिरल्यावर दिसते ती पुन्हा उतरंडच. डॉक्टर सांगतो, सिस्टर करते, मावशी उचलते, सफाईवाला नेऊन टाकतो. 'मावशी' आणि 'मामा' ही आपल्या रुग्णालयांतली नावे मोठी लाघवी आहेत. नात्याच्या नावाने हाक मारली की त्या माणसाला आडनाव, वेतनश्रेणी आणि सुट्टी आहे हे सोयीस्करपणे विसरता येते. बेडपॅन सिस्टरच्या हातून मावशीच्या हाती, मावशीच्या हातून सफाईवाल्याच्या हाती जाते. काठियावाडचे थर्मामीटर ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, फक्त उलट्या दिशेने. सामान्य वॉर्डात ही उतरंड चालून जाते. अतिदक्षता विभागात ती मोडते, हेच त्या विभागाचे सामाजिक वैशिष्ट्य. व्हेंटिलेटरवरच्या माणसाची शी काढताना एका हाताने नळी सांभाळावी लागते, डोळा मॉनिटरवर ठेवावा लागतो. जुलाबाचा रंग, वास, रक्त हे निदानाचे भाग असतात. ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. म्हणून कोणत्याही जातीची सिस्टर असो, तिथे तिला आणि तिच्या मागच्या विद्यार्थिनीला मावशीच्या बरोबरीने त्या देहाला हात लावावा लागतो. घाण म्हणून जे जातीवर ढकलले होते, ते इथे ज्ञान म्हणून परत येते.

अतिदक्षता विभागाचा जन्मही हातातूनच झाला आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले मरत होती. ब्लेगडाम रुग्णालयात अशा रोग्यांपैकी दहांत आठ-नऊ दगावत होते. २७ ऑगस्ट १९५२ रोजी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन ह्यांनी बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनळीला भोक पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा दिली. मुलगी वाचली. पण यंत्रे नव्हती. मग वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रोग्याच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. एकूण सुमारे १,६५,००० तास. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, इब्सेन ह्यांनी अशा रोग्यांसाठी कायमचा स्वतंत्र विभाग काढला. अतिदक्षता विभाग म्हणतात तो हा. म्हणजे यंत्राच्या आधी तिथे विद्यार्थी होता. रात्रभर जागून, समोरच्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहत, त्याच्यासाठी श्वास घेणारा विद्यार्थी. त्यांतली काही मुले रात्रीत मरत आणि दाबणाऱ्याला ते समजे. ह्या विद्यार्थ्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. हे आपल्याला नवे नाही.

आपल्याकडे अशी वेळ २०२० मध्ये आली. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. साथ आली तशी जुनी भाषाही परत आली. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला ते आपले लोक होते. अंतर राखण्याची सवय ह्या समाजाला नव्याने लावावी लागणार नव्हती. संध्याकाळी थाळ्या वाजवणाऱ्या शहरांत ड्यूटीवरून परतणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी खोल्या खाली करायला सांगितले, सोसायट्यांनी जिने बंद केले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून १८९७ च्याच साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा घालावी लागली. ज्या कायद्याच्या पहिल्या वर्षी सावित्रीबाई गेल्या, त्याच कायद्याला १२३ वर्षांनी नर्सला दगडापासून वाचवण्याचे काम करावे लागले. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा, ३ मे २०२१ रोजी, केंद्राने शेवटच्या वर्षाच्या, परीक्षेची वाट पाहणाऱ्या जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामाला लावण्याचा निर्णय घेतला. दोन पावले मागे उभी असलेली मुलगी एका रात्रीत पुढे आली.

येथे रोमँटिक होण्याचे कारण नाही. विद्यार्थिनीच्या श्रमावर रुग्णालय चालवण्याची प्रथा जुनी आहे. शिकणे आणि फुकट राबणे ह्यांतली रेघ पुसणे व्यवस्थापनाला नेहमीच परवडते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेला एक परिचारिका हवी. ती नसेल तर दुसऱ्या खाटेशी कोण उभे राहते, हे परिचर्येच्या कोणत्याही विद्यार्थिनीला विचारावे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ साली न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितले की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली असू नये. शिफारस झाली, अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. ज्या मुलीचे शिक्षण शिष्यवृत्तीवर आणि आईच्या घरकामावर झाले, तिच्या पहिल्या पगारपत्रकात ही शिफारस कितपत उतरली, हा आपल्या संघटनांनी हाती घेण्यासारखा प्रश्न आहे.

जातीचा प्रश्नही रुग्णालयाच्या फाटकाबाहेर राहिलेला नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी मुलीने आत्महत्या केली. तिघी वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या आईने केला आणि खटला उभा राहिला. त्याच वर्षी तिची आई आणि रोहित वेमुलाची आई ह्या दोघींनी शिक्षणसंस्थांतील जातीय छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पायल डॉक्टर होत होती, नर्स नव्हे. परंतु ज्येष्ठाच्या मागे उभे राहून शिकण्याच्या पद्धतीत ज्येष्ठाच्या हाती किती सत्ता असते, ते तिच्या मृत्यूने उघडे पाडले. शस्त्रक्रियेची संधी कोणाला द्यायची, नुसते कागद कोणी भरायचे, कोणाला सर्वांसमोर बोलायचे. हे सारे ज्येष्ठाच्या मर्जीवर. परिचर्येतही तेच आहे. विद्यार्थिनीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत एकेका कामासमोर सही लागते : सक्शन केले, नळीतून अन्न दिले, कूस बदलली, मृतदेहाची अखेरची व्यवस्था केली. ज्या मुलीला ज्येष्ठ सिस्टर आपल्याबरोबर खाटेशी नेते तिची वही लवकर भरते. जिला आडनाव कळल्यावर भांडारातून सामान आणायला पाठवले जाते, तिची भरत नाही.

पनवेलपासून जवळच नेरे येथे १९५० च्या दशकापासून कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग्याला शिवायचे नाही हा नियम सवर्णांनाही लागू होता, म्हणजे तिथे सवर्ण माणूस थोडा काळ का होईना अस्पृश्य होई. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, काही दिवसांत रोग्यापासून संसर्ग उरत नाही हे सिद्ध झाले; तरी बोटे झडलेल्या माणसाच्या हातचे पाणी पिताना हात थबकतो. औषध रोगाला लागू पडते. थबकणाऱ्या हाताला जे लागू पडते ते अतिदक्षता विभागातील सकाळच्या पाळीत, बेशुद्ध अनोळखी माणसाचे तोंड पुसताना, विद्यार्थिनी शिकत असते. आणि तिच्या शेजारी खाटेची दुसरी बाजू धरून उभी असलेली मावशी, जिला हे आधीपासून येते, ती अजून अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे.